नकली बिल्ल्यांचा डबा

रिसोडच्या बाजारात भांड्यांची दुकानं बरीच होती, पण भांड्याला नुसती टिचकी मारून त्याची कुळकथा सांगणारा दुकानदार एकच, हुकूमचंद. कुणी जुना लोटा मोडीत घालायला आणला की हुकूमशेठ तो कानाशी धरत, टिचकी मारत आणि डोळे मिटून म्हणत, "पितळ बेस हाय, पन बुडाले जोड हाय. सासऱ्यानं देल्ला वाटते." गिऱ्हाईक लाजायचं, कारण लोटा खरोखरच सासऱ्यानं दिलेला असायचा. जावयाला जोडाचाच लोटा मिळतो हे शेठजींना माहीत होतं, त्यात कानाचा भाग थोडाच होता. पण नाव झालं ते कानाचं.

भांडी हा धंदा होता. जीव मात्र बिल्ल्यांवर होता, छातीवर टाचणीनं लावतात त्या बिल्ल्यांवर. शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला यात्रेकरूंचे लांबलांबचे संघ यायचे, गुजरातचे, राजस्थानचे, कर्नाटकाचे. गर्दीत आपलं माणूस हरवू नये म्हणून प्रत्येक संघ आपल्या यात्रेकरूंना बिल्ला द्यायचा. पितळेची चकती, तिच्यावर भट्टीत पक्का केलेला रंगीत मिना, मध्ये कलश नाहीतर कमळ, आणि भोवती संघाचं नाव. हुकूमशेठ दर पौर्णिमेला एसटीनं शिरपूरला जात, दर्शन घेत आणि मग धर्मशाळेच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या छातीकडे बघत राहत. बघणं असं, की एका म्हाताऱ्या यात्रेकरूनं एकदा घाबरून उपरणं गळ्यापर्यंत ओढून घेतलं होतं.

बिल्ला विकत घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. भांडं द्यायचं, बिल्ला घ्यायचा. असे अदलाबदलीनं जमवलेले बिल्ले त्यांनी दुकानात गल्ल्याच्या मागे लाल मखमलीवर टाचून ठेवले होते. गिऱ्हाईक कढई बघायला आलं तरी आधी त्याला बिल्ले बघावे लागायचे.

भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली ते हे साल. देशभर महोत्सव, गावोगावचे बिल्ले, आणि ज्याला त्याला छातीवर काहीतरी हवंच. आता गूळ आला तिथं मुंगळे येणारच. कुठल्यातरी शहरात कुणीतरी नकली बिल्ले पाडायला लागला आणि ते यात्रेकरूंच्या हातून शिरपूरपर्यंत पोचले. तेव्हा हुकूमशेठच्या विद्येला खरा भाव आला.

खरा बिल्ला ते गालाला लावून ओळखत. मिना थंडगार लागतो, साधा रंग कोमट लागतो. मग नख फिरवत. मिन्यात नख घसरतं, रंगात रुततं. मग बिल्ला उलटा करून टाचणीची बिजागरी बघत. खऱ्याची डाग देऊन जोडलेली असते, खोट्याची चिकटवलेली. नकली बिल्ला खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेला असतो, म्हणून तो केसभर लहान भरतो आणि त्याच्या अक्षरांच्या कडा झोपेतून उठल्यासारख्या दिसतात. शेवटची परीक्षा म्हणजे बिल्ला खालच्या दातावर हलकेच वाजवायचा. खरा टिक्‌ करतो, खोटा नुसता लागतो. पण ज्या बिल्ल्यावर भगवंतांची प्रतिमा आहे तो दातापाशी न्यायचा कसा? हुकूमशेठ त्याला हात जोडत आणि दाताविना निकाल देत. ही गोष्ट नक्कल करणाऱ्याच्या कानावर कशी गेली देव जाणे, पण पुढे पुढे प्रत्येक नकली बिल्ल्यावर प्रतिमा हटकून असायची.

शिरपूरच्या त्या धर्मशाळेचे व्यवस्थापक कैलासचंद हे हुकूमशेठचे मित्र आणि पहिले चेले. एरवी ते कुणाचं ऐकून घेणारे नव्हते, पण बिल्ल्याच्या बाबतीत "हुकूमशेठ म्हनते तेच" असं म्हणून मोकळे व्हायचे. त्यांच्यामुळे शेठजींचा शब्द मालेगाव, वाशीमपर्यंत चालायचा. हुकूमशेठनं एखादा बिल्ला खोटा ठरवला की तो लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी बिनबिल्ल्याचा दिसे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो व्रतानं.

त्या चातुर्मासात शिरपूरला एक महाराज मुक्कामाला होते. बोलायचे हळू, पण ऐकणाऱ्याला घरच्या कपाटात काय काय आहे ते आठवायचं. एक दिवस त्यांनी अपरिग्रहावर प्रवचन केलं. सगळं सोडा असं मी म्हणत नाही, म्हणाले, संसारी माणसं आहात, पण ज्या वस्तूचा मोह आहे तिला मर्यादा तर घाला. लगेच माणसं उठू लागली. जतनबाईंनी लुगड्यांची मर्यादा घेतली. किराणावाल्या पूनमचंदनं आयुष्यभर एकच वहाणजोड वापरायचं व्रत घेतलं. तो तसाही एकच वापरायचा, त्याचा चिक्कूपणा गावाला ठाऊक होता. बायकांच्या बाजूनं अंगुरीबाईंनी, म्हणजे हुकूमशेठच्या मंडळींनी, नवऱ्याकडे असं काही बघितलं की शेठजींना बसवेना.

ते उठले, हात जोडले आणि भर सभेत म्हणाले, "महाराज, एकशे आठ अस्सल बिल्ल्यांच्या वर एक बी बिल्ला ठेवनार नाई."

तेव्हा मखमलीवर शंभराच्या आतच बिल्ले होते, त्यामुळे व्रत घेताना काही गेल्यासारखं वाटलं नाही. उलट घरी येताना एसटीत छाती भरून आली होती. 'अस्सल' हा शब्दही काही कपटानं आलेला नव्हता. खोटा बिल्ला मोजायचा असतो हेच मुळी त्यांच्या डोक्यात नव्हतं. महाराजांनी मात्र तो शब्द ऐकून क्षणभर त्यांच्याकडे बघितलं होतं, मग डोळे मिटून व्रत दिलं.

महोत्सवाच्या साली बिल्ले पावसाळी किड्यांसारखे येत होते. दिवाळीतच मखमलीवर एकशे आठ भरले. आणि दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला एका कानडी यात्रेकरूच्या छातीवर हिरवा मिना दिसला. तसा हिरवा हुकूमशेठनं जन्मात पाहिला नव्हता. ओल्या पोपटाच्या पंखासारखा तो उन्हात चमकत होता. यात्रेकरू आनंदानं बदलायला तयार झाला. शेठजींनी बिल्ला गालाला लावला. थंडगार. नख फिरवलं. घसरलं. कैलासचंद शेजारीच बसले होते, आणि व्रताच्या दिवशीही ते शेजारीच बसले होते.

"काय म्हन्ता शेठ?" कैलासचंदांनी विचारलं.

हुकूमशेठचं तोंड उघडलं आणि आतून भलताच माणूस बोलला, "नकली हाय."

"मंग टाकून द्या."

"राहू द्या. लोकायले दाखवाले होईल, नकली कसा असते ते."

आणि नेमाप्रमाणे त्यांनी बदल्यात पिशवीतला एक नवा पितळी गडू त्या यात्रेकरूला दिला. कैलासचंदांचे डोळे भरून आले. खोटं घेऊन खरं देणारा माणूस या कलियुगात दुसरा दाखवा, असं ते पुढे आठवडाभर सांगत सुटले.

हिरवा बिल्ला घरी येऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडला. डब्यावर शेठजींनी चिठ्ठी डकवली, 'नकली'. पहिल्या रात्री त्यांना चांगलीच टोचणी लागली. पण टोचणी अशी गोष्ट आहे की तिचीही सवय होते. पुढच्या पौर्णिमेला डब्यात दोन आले, त्याच्या पुढच्या पौर्णिमेला आणखी. शिवाय ज्यांच्या ज्यांच्याकडे तसाच हिरवा बिल्ला होता ते आपण होऊन दुकानात यायला लागले. "शेठ, आमचा बी खोटाच निंघाला म्हना. घ्या, तुमच्या डब्यात टाका." लोक आवळा देऊन कोहळा काढतात, इथं आवळाही द्यावा लागत नव्हता.

मखमलीवरच्या बिल्ल्यांवर धूळ बसायला लागली आणि डबा गेला तिजोरीत. अंगुरीबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मी म्हन्ते, खरे भिताडाले आन खोटे तिजोरीत, हे कोन्या गावचं शहानपन?"

"खोटे हायत म्हनून तं लपवून ठेवाव लागते," हुकूमशेठ म्हणाले. "चुकून कोनाच्या हाती पडले तं फसंन ना मानूस."

अंगुरीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. संसार जुना होता, पुढचं बोलायची गरज नव्हती.

चैत्रात महावीर जयंतीला शिरपूरला मोठी मिरवणूक काढायचं ठरलं. कैलासचंद समितीचे प्रमुख. त्यांना एक कल्पना सुचली. एसटी नव्हती त्या काळात बऱ्हाणपूरहून बैलगाड्यांचा एक मोठा संघ शिरपूरला आला होता. म्हातारी माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगत. त्या संघाच्या गाड्या हाकणाऱ्यांपैकी कुणाचं घराणं सापडलं तर मिरवणुकीत सगळ्यात पुढे त्याची गाडी चालवायची. पुरावा म्हणून त्या संघाचा बिल्ला आणावा आणि हुकूमशेठकडून तो तपासून घ्यावा.

हा बऱ्हाणपूर संघाचा बिल्ला म्हणजे हुकूमशेठचं जुनं दुखणं. त्यांनी तो फक्त ऐकला होता. निळा मिना, त्यात पांढरं चाक. वीस वर्षं ते त्याच्या मागावर होते, पण बिल्ला कुणाच्या घरी निघाला नव्हता.

जयंतीच्या आधीच्या आठवड्यात केनवडचा रामधन दुकानात आला. शेतकरी माणूस, अंगानं दणकट, बोलताना मात्र सारखा खाली बघायचा. त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि बिल्ला गल्ल्यावर ठेवला. निळा मिना, त्यात पांढरं चाक.

"माह्या बापाचा हाय," रामधन म्हणाला. "शालिग्राम नाव होतं. संघाची पयली गाडी त्यानंच हाकलली होती. माय म्हन्ते, संघाच्या शेठनं सोताच्या हातानं त्याच्या सदऱ्याले लावला. आमी तं लहानपनापासून हेच ऐकत आलो. आता मिरवनुकीचं समजलं तं मायनं गाडी रंगवाले लावली. बैलायच्या झुली काढल्या. म्हन्ते, तुह्या बापाच्या जागी तू गाडी हाकलजो, मी मांगं बसते. म्हातारी चार दिसापासून जेवली नाई धड, खुशीनं."

हुकूमशेठनं बिल्ला उचलला. गालाला लावायच्या आधीच त्यांना कळलं होतं, पण त्यांनी लावला. विहिरीच्या पाण्यासारखा थंड. नख घसरलं. दातावर टिक्‌ वाजला. मागे कारखान्याचा ठसा स्पष्ट. फक्त टाचणी मूळची नव्हती. ती कधीतरी मोडली असणार, आणि शालिग्रामनं तिच्या जागी तांब्याची तार वळवून बसवली होती. मिन्याचा एक टवका उडाला होता, त्यामुळे तर तो आणखीच जवळचा वाटत होता.

खरा म्हटलं तर हा बिल्ला रामधनच्या छातीवर जाणार, तिथून त्याच्या घरच्या ट्रंकेत, आणि पुन्हा कधी दिसणार नाही. बरं, त्यानं आपण होऊन दिला तरी घ्यायचा कसा? मखमल भरलेली. तिच्यावरचा एखादा काढून देता आला असता, हे शेठजींना सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि त्यांनी ते झुरळासारखं झटकलं. एव्हाना त्यांना एक सोपी वाट सापडलेली होती, आणि सोपी वाट माहीत झालेला बैल दुसऱ्या वाटेनं जात नाही.

"रामधन," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी मऊ होता, "वाईट वाटून घेऊ नोको. हा नकली हाय."

रामधननं पहिल्यांदा वर बघितलं. "कसा काय शेठ?"

"हे पाह्य. तार. संघाच्या बिल्ल्याले अशी तार असते का?"

"पन माय तं म्हन्ते..."

"मायले काय ठाऊक? तुह्या बापानं एखांद्या जत्रंतून आनला असंल."

बोलून गेल्यावर हुकूमशेठना वाटलं की हे शेवटचं वाक्य नसतं बोललं तरी चाललं असतं. पण निकाल पक्का वाटावा म्हणून माणूस एक खिळा जास्तीचा ठोकतोच. रामधननं बिल्ला उचलून सोग्यात बांधायला घेतला, मग परत गल्ल्यावर ठेवला. त्याच्या बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं.

"ठेवून घ्या शेठ," शेवटी तो म्हणाला. "हा आता मायले परत दाखवनं होनार नाई माह्याच्यानं."

हुकूमशेठनं घाईघाईनं एक नवा पितळी लोटा पुढे केला. अदलाबदलीचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

"नोको," रामधन म्हणाला. "खोट्याच्या बदल्यात खरा लोटा कायले घ्याव?"

तो गेला. हुकूमशेठनं दुपारीच दुकान बंद केलं, तिजोरी उघडली आणि निळा बिल्ला हातात घेऊन बसले. वीस वर्षं वाट पाहिलेली वस्तू हातात होती, आणि आनंद काही येईना. आज ना उद्या येईल असं म्हणून त्यांनी डबा बंद केला.

जयंतीच्या दिवशी मिरवणुकीत सगळ्यात पुढे पूनमचंदच्या भाच्याची जीप होती, झेंडूच्या माळा लावलेली. गाडीवानाचं घराणं सापडलं नव्हतं, मग काय करणार? सगळ्यात मागे एक बैलगाडी होती. तिची चाकं निळी-पांढरी रंगवलेली, बैलांवर आरशाच्या झुली, आणि गाडीत महाप्रसादाची भांडी, हुकूमशेठच्याच दुकानातून भाड्यानं आणलेली. गाडी रामधन हाकत होता. समितीला गाडी हवी होती आणि त्याची रंगवून तयार होती. मागे त्याची आई बसलेली नव्हती. हुकूमशेठनं एकदाच वळून बघितलं, मग ते घोषणा द्यायला लागले आणि इतरांपेक्षा मोठ्यानं द्यायला लागले.

दुपारी धर्मशाळेच्या सभागृहात बिल्ल्यांचं प्रदर्शन होतं. विहार करत करत महाराजही परत शिरपूरला आले होते. पाटावर बसले होते. एका टेबलावर 'अस्सल', तिथं हुकूमशेठचे एकशे आठ. दुसऱ्या टेबलावर 'नकली', तिथं तो डबा रिकामा करून मांडलेला. डबा मागायला कैलासचंद स्वतः रिसोडला आले होते, आणि द्यायला नाही म्हणायचं काही कारण शेठजींना सुचलं नव्हतं. लोक पहिल्या टेबलापुढून भराभर निघून जात आणि दुसऱ्यापुढे खोळंबत. "खोटे किती झाक दिसते, नाई?" जतनबाई म्हणाल्या. "म्हनून तं लोक फसते," कैलासचंदांनी समजावलं.

मग कैलासचंद उभे राहिले. हुकूमशेठच्या पारखेबद्दल, त्यागाबद्दल पुष्कळ बोलले. शेवटी म्हणाले, "असे खोटे बिल्ले पुन्हा कोनाले फसवू नये म्हनून समितीनं ठरोलं हाय, का हे सारे आज ओताऱ्याच्या हवाली कराव. त्याचं पितळ वितळवून धर्मशाळेसाठी घंटा ओतू. आन हे पुण्य हुकूमशेठच्या नावानं!"

टाळ्या पडल्या. ओतारी कोपऱ्यात घमेलं घेऊन उभाच होता. हुकूमशेठ कात्रीत सापडले. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प राहावं तर डोळ्यांदेखत हिरवा, निळा सगळा खजिना भट्टीत जाणार; बोलावं तर महाराजांसमोर, सगळ्या समाजासमोर, व्रत मोडलेला लबाड ठरणार. घमेल्यात पहिली मूठ पडली. हिरवा गेला. शेठजींनी डोळे मिटून घेतले, आणि लोकांना वाटलं ते नवकार मंत्र म्हणत आहेत.

"एक मिनिट," दाराकडून आवाज आला. रामधन होता. भांडी उतरवून तो तसाच दाराशी उभा होता, हाताला राख लागलेली. "भाऊसाहेब, तो निळा टाकू नोका. खोटा असला तरी माह्या बापाच्या सदऱ्याले होता. मले परत द्या."

"अरे, खोटा घेऊन काय करतं?" कैलासचंद म्हणाले.

"काई नाई करत. घरी ठेवतो." रामधन खाली बघत होता. "मायनं त्या दिसापासून बापाचं नाव घेनं सोडलं. जनमभर एकच गोष्ट सांगे थे बाई, आता थे बी सांगत नाई. मीच काहून तपासाले आनला असं वाटते."

हुकूमशेठना जे वाटलं ते सरळ सांगायचं तर लाज वाटली. व्रताची नाही, बिल्ल्यांचीही नाही. एका मेलेल्या गाडीवानाला आपण त्याच्या बायकोपुढे खोटं पाडलं, याची. ते उठले.

"थांबा," ते म्हणाले. "तो बिल्ला खरा हाय. डब्यातले सारेच खरे हायत. मले पाह्यजे होते, आन व्रत आडवं आलं, म्हनून म्या खोटे सांगतले. रामधनच्या बापाचा बिल्ला एकदम अस्सल हाय. खोटा मी हावो."

मग कैलासचंदांचा हुंदका आला.

"पाहा!" ते ओरडले. "पाहा हा मानूस! एका गरिबाच्या बापाची इज्जत राखासाठी सोताच्या माथ्यावर व्रतभंगाचा डाग घेऊन राह्यला! करुणा म्हन्ते तं हे!"

"अरे करुणा नाई कैलासचंद, मी खरं सांगून राह्यलो!"

"तुमी असंच म्हनान. तुमचा सभाव आमाले माहीत नाई का?"

हुकूमशेठनं निळा बिल्ला उचलला, गालाला लावला, जमलेल्यांच्या गालांनाही लावू पाहिला. लोक नमस्कार करून मागे सरले. कैलासचंदांनी बिल्ला उलटा करून तांब्याची तार सगळ्यांना दाखवली. "ही पाहा तार. हे तं शेठनंच आमाले शिकोलं." त्यावर कुणाला शंका उरली नाही. जयजयकार सुरू झाला. जतनबाईंनी आणलेली मोगऱ्याची माळ शेठजींच्या गळ्यात पडली, आणि निळा सोडून उरलेले बिल्ले घमेल्यात गेले. बायकांच्या बाजूला अंगुरीबाई तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

हुकूमशेठ माळेसकट महाराजांच्या पाटापुढे जाऊन बसले. "महाराज, तुमी तरी माना. मले प्रायश्चित्त द्या."

"मी तर त्या दिवशीच मानलं होतं, 'अस्सल' म्हणालात तेव्हा," महाराज हळूच म्हणाले. "उपवास सांगितला तर तुमची आणखी एक मिरवणूक निघेल. जिच्या नवऱ्याला खोटं पाडलंत, तिला जाऊन खरं सांगा."

संध्याकाळी हुकूमशेठ रामधनच्या गाडीत बसून केनवडला निघाले, आपल्याच दुकानातल्या कढया आणि पातेल्यांच्या मध्ये. वाटभर भांडी वाजत होती. रामधननं मान न वळवता विचारलं, "शेठ, तुमी सभेत बोलले थे खरं का?"

"खरं, रामधन. अगदी खरं."

"मले समजत नाई," रामधन म्हणाला. "तुमी मायले सांगा. तिनं मानलं तं मी बी मानतो."

रामधनची आई भुरीबाई अंगणात सुपात डाळ पाखडत बसली होती. हुकूमशेठ तिच्यासमोर खाली, मातीत बसले. त्यांनी बिल्ला तिच्या पुढ्यात ठेवला, हात जोडले आणि सगळं सांगितलं. हिरवा बिल्ला, व्रत, डबा, तार, आणि जत्रेचं ते वाक्यसुद्धा. काही राखून ठेवलं नाही. जन्मात त्यांनी इतकं खरं एका दमात कधी सांगितलं नव्हतं. भुरीबाईनं सूप बाजूला ठेवून सगळं ऐकलं. मधूनमधून ती मान हलवत होती, त्यामुळे शेठजींना धीर येत होता.

त्यांचं संपल्यावर तिनं बिल्ला उचलला, पदरानं पुसला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"शेठ, माहा रामधन लय भोळा हाय," ती म्हणाली. "मायले वाईट वाटलं म्हनून त्यानं तुमाले गळ घातली असंल. आन तुमी एवढे मोठे, तरी आले, मातीत बसले. देव तुमाले सुखी ठेवो. पन माह्यासाठी तुमी सोताले खोटं नोका म्हनू. तुमच्यावानी पारखी मानूस तवा खोटं कायले बोलंन?"

"भुरीबाई, तुह्या मालकानं संघाची गाडी हाकलली होती. पयली गाडी."

"असू द्या आता." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "पयले लय राग आला मले त्याचा. एवढी वर्सं मले एकच लबाडी सांगत राह्यला मानूस, आन म्या पोरायले सांगितली. मंग वाटलं, बायकोसमोर जरासं मोठं दिसाव वाटलं असंल बिचाऱ्याले. मेल्या मानसावर किती दिस राग धरू? म्या त्याले माफ करून टाकलं, शेठ."

हुकूमशेठ रडायला लागले. भुरीबाईला वाटलं, काय दयाळू माणूस आहे, परक्याच्या दुःखानं रडतो; आणि तिनं रामधनला हाक मारून शेठजींसाठी चहा ठेवायला सांगितला.